निपाणीचा कप, सांगलीचा टायब्रेक आणि गुरुजींचं प्यादं

शुक्रवार

यावेळी २६ जानेवारी सोमवारी आल्यामुळं जोडून सुट्टी मिळाली आणि आमच्या बुद्धिबळ क्लबनं चार दिवसांत दोन सांघिक कप खेळायचं ठरवलं, शनिवार-रविवार निपाणी आणि सोमवारी सांगली. क्लब म्हणजे काय तर खानापुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे त्याच्या मागची खोली, सहा रोल होणारे प्लास्टिकचे पट, तीन घड्याळं, त्यातलं एक मधेच झोपतं. दिवाळीत बेळगावच्या एका कपात आम्ही दुसरे आलो होतो तेव्हापासून अण्णांच्या डोक्यात कपाचं भूत बसलंय.

टीम सांगतो. पहिल्या बोर्डावर उद्यमबागच्या एका फाउंड्रीत काम करणारा आमचा पोरगा, आम्ही त्याला इंजिनियर म्हणतो, सगळ्या टीममध्ये फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग असलेला हा एकटाच. दुसऱ्यावर मी. तिसऱ्यावर ताई, पीयूसी दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) आहे, वयानं सगळ्यात लहान पण सगळे ताईच म्हणतात कारण ती सगळ्यांना झापते. चौथ्यावर गुरुजी, प्राथमिक शाळेतनं रिटायर होऊन दहा वर्षं झाली. अण्णा राखीव खेळाडू आणि कॅप्टन, ताईचे वडील, त्यांचा टेम्पो आहे पण तो ऐनवेळी गॅरेजला गेला म्हणून बस.

सकाळी सातला खानापूर स्टँडवर थंडीनं दात वाजायलेत, गुरुजी कानटोपी घालून आधीच हजर. बेळगावात उतरून उप्पीट-शिरा खाल्ला आणि निपाणीची बस धरली. ताईनं आधार कार्ड दाखवून शून्य रुपयांचं तिकीट घेतलं (२०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे) आणि आम्हा चौघांकडं असं बघितलं की आम्ही तिच्या जिवावरच प्रवास करायलोय.

बसमध्ये विषय एकच, बुडापेस्ट. २०२४ च्या ऑलिम्पियाडला भारताच्या ओपन आणि महिला अशा दोन्ही टीमनी सोनं आणलं, ओपन टीमनं २२ पैकी २१ मॅच पॉइंट घेतले, फक्त उझबेकिस्तानशी बरोबरी. आमच्या ताईला ह्यातलं एकच महत्त्वाचं, की नागपूरची दिव्या देशमुख तिथं तिसऱ्या बोर्डावर खेळली आणि त्या बोर्डाचं वैयक्तिक सोनंही घेऊन आली, पुढच्याच वर्षी बातुमीला महिलांचा वर्ल्ड कपही मारला. "मीबी तिसऱ्यालाच हाय." गुरुजी खिडकीतनं बाहेर बघतच म्हणाले, "आणि नाशिकचा विदित चौथ्याला होता. आम्हाला कोण इचारतंय!" ह्यावर सगळे हसलो. पण खरं सांगायचं तर चौथा बोर्ड म्हणजे टीममधला सगळ्यात कच्चा गडी बसवायची जागा असाच आमचाही समज, गुरुजींना तिथं बसवलं तेव्हा दुसरं काही डोक्यात नव्हतं.

गुरुजी बुद्धिबळ शिकले देवळाच्या ओट्यावर, जुन्या देशी पद्धतीनं. त्या खेळात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर जायचं, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नाही, त्याऐवजी शह लागलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी, आणि प्याद्यानं मात दिली तर ती सगळ्यात मानाची. फिडेचे नियम त्यांनी पन्नाशीत शाळेतल्या पोरांना शिकवायला म्हणून शिकले. त्यामुळं अजूनही ते सुरुवातीला प्यादी एकेक घर सरकवतात, दहा चाली झाल्या तरी पटावर काही घडलेलंच नसतं, समोरचा कंटाळून स्वतःच काहीतरी करून घेतो. इंजिनियरला ह्याचा भयंकर राग, तो म्हणतो गुरुजी ओपनिंग खेळत नाहीत, अंगण झाडतात.

संकेश्वर गेलं, उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक, दोन-दोन ट्रॉल्या, कारखान्यांचा सीझन चालू. तवंदी घाट उतरलो की निपाणी येतंय हे नाकाला कळतं. तंबाखू. ह्याच हायवेवर १९८१ साली तंबाखूवाले शेतकरी शरद जोशींबरोबर ठिय्या मारून बसले होते, गुरुजींनी तो सगळा किस्सा सांगितला, मधे मी झोपलो.

लॉजबद्दल एवढंच की गरम पाणी "सकाळी सहा ते सात" असं लिहिलेलं होतं आणि तसं ते कुठल्याही दिवशी आलं नाही.

शनिवार

स्पर्धा एका मंगल कार्यालयात. सात फेऱ्या स्विस पद्धतीनं (कुणी बाद होत नाही, दर फेरीला साधारण सारख्या पॉइंटवाल्यांशी गाठ), चार बोर्ड, १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद. मॅच जिंकली की २ पॉइंट, बरोबरीला १. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टीमच्या एका मॅचमध्ये चार डाव एकाच वेळी शेजारी शेजारी चालतात, पहिल्या आणि तिसऱ्याला पांढरे असतील तर दुसऱ्या आणि चौथ्याला काळे. बोर्डांचा क्रम एकदा लिहून दिला की बदलायचा नाही. कॅप्टन मागं उभा राहू शकतो पण पटावर काय चाललंय त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, बरोबरी घे किंवा घेऊ नको एवढंच सांगायची परवानगी. अण्णांसारख्या बडबड्या माणसाला ही शिक्षाच. ते पाठीमागं हात बांधून फेऱ्या मारतात आणि घसा खाकरतात, त्या खाकरण्यातनंच आम्हाला कळतं कुठल्या बोर्डावर आग लागली आहे.

पहिली फेरी शाळकरी पोरांशी, ४-०, तरी चौथीतल्या एका पोरानं गुरुजींचा घोडा कोंडून ठेवला होता, सुटले कसेबसे.

दुसरी फेरी चिकोडीच्या टीमशी आणि इथं मी माती खाल्ली. फोन सायलेंटवर टाकून खिशात ठेवलेला, पण आईच्या गोळीचा अलार्म रोज साडेबाराला असतो तो सायलेंटला जुमानत नाही, भर शांततेत खिशातनं सनई सुरू! फोन वाजला की डाव गेला, नियमच आहे, आर्बिटर (पंच) नुसते आले आणि घड्याळ थांबवलं. माझ्याकडं एक हत्ती जास्त होता हो. इंजिनियर जिंकला, ताई आणि गुरुजी बरोबरीत, मॅच २-२. ताई जेवताना माझ्याशी बोलली नाही. अण्णांनी फक्त हात पुढं केला, मी फोन त्यांच्याकडं दिला, तो सोमवारी रात्रीपर्यंत त्यांच्याच पिशवीत.

तिसऱ्या फेरीत गडहिंग्लजला ३-१, चौथीत कोल्हापूरच्या दुसऱ्या टीमला अडीच-दीड. दोन्हीत मी जिंकलो, पापक्षालन म्हणा. दिवसअखेर ८ पैकी ७ पॉइंट.

संध्याकाळी गावात फिरलो, वखारींच्या गल्लीत गुरुजींना शिंका थांबेनात. एका गाड्यावर मिरची भजी खाताना शेजारी हुबळीची टीम भेटली, त्यांना मराठी येत नाही आणि आमचं कन्नड बसच्या पाटीपुरतं, तरी ठेल्यावरच्या फळकुटावर पॉकेट पट उघडून तासभर डाव बघितला, हत्ती म्हणजे आने, घोडा म्हणजे कुदुरे, बाकी सगळं बोटानं. गुरुजींना कन्नड चांगलं येतं पण ते भज्यात गुंग. उद्या सकाळी पहिली मॅच ह्यांच्याशीच आहे हे आम्हाला लॉजवर पेअरिंग बघितल्यावर कळलं.

रविवार

हुबळीला अडीच-दीड मारलं. मॅच झाल्यावर त्यांचा दुसऱ्या बोर्डाचा पोरगा मला म्हणाला, कुदुरे, आणि डोक्यावर हात मारला, त्याचा घोडा खरंच वाया गेला होता. सहाव्या फेरीत इचलकरंजीशी २-२, ह्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळे घाबरून खेळलो.

आता शेवटची फेरी. कोल्हापूरची पहिली टीम ११ पॉइंटवर, आम्ही १०. म्हणजे त्यांना बरोबरी पुरे, आम्हाला जिंकायलाच पाहिजे. ह्या फेरीला पहिल्या आणि तिसऱ्या बोर्डाला काळे, मला आणि गुरुजींना पांढरे.

इंजिनियर हरला. त्याच्यासमोरचा २१०० रेटिंगचा होता, वजिराच्या बाजूनं असा दाबत आणला की बघवत नव्हतं. माझा डाव बरोबरीत सुटला, मी ताणून बघितला पण उलट्या रंगाचे उंट पडले, तिथं एक प्यादं जास्त असूनही काही होत नाही. ताईनं मात्र तिच्यासमोरच्या मुलाला घड्याळाच्या शेवटच्या मिनिटात हत्तीनं दोन शह देऊन वजीर उचलला आणि उठून सरळ पाण्याच्या कॅनकडं निघून गेली, मागं वळूनही बघितलं नाही. दीड-दीड.

राहिले गुरुजी.

हॉलमधली सगळी माणसं चौथ्या बोर्डाभोवती. पटावर फक्त राजे आणि दोन-दोन प्यादी. मधल्या पट्टीत दोघांचं एकेक प्यादं एकमेकांना अडवून उभं, आणि दोन्ही राजे दोन बाजूंनी त्यांना चिकटलेले, म्हणजे प्रत्येक राजा आपलं प्यादं राखतोय आणि दुसऱ्याच्यावर डोळा ठेवून बसलाय. अशा ठिकाणी ज्याला राजा हलवावा लागेल तो मेला. आणि चाल होती गुरुजींची. दुसरं प्यादं राजाच्या बाजूच्या अगदी कडेच्या पट्टीत, गुरुजींचं अजून घरातनंच निघालेलं नाही (अंगण झाडायच्या नादात तिकडं लक्षच गेलं नव्हतं म्हणा), आणि समोरच्याचं काळं प्यादं दोन घरं पुढं येऊन थांबलेलं. मधे दोन घरं मोकळी.

समोरचा पोरगा इंजिनियरिंगचा विद्यार्थी, हुशार होता, त्यानं चाल केली आणि हळूच बरोबरी मागितली. गुरुजींनी मान वर करून अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "नको गुरुजी." बस्स, एवढंच बोलता येतं.

मग गुरुजी विचार करायला लागले. घड्याळात दीड मिनिट. एक मिनिट दहा. पन्नास सेकंद. माझ्या डोक्यात तेव्हा गणित उलगडलं आणि पोटात गोळा आला, कारण ते कडेचं प्यादं एक घर सरकवलं तर काळं प्यादं एक घर येऊन त्याला भिडणार, परत चाल गुरुजींचीच, राजा हलवायला लागणार आणि मॅच गेली. दोन घरं टाकलं तर तेच भिडतंय पण चाल समोरच्याची. एवढाच फरक. आणि हा माणूस साठ वर्षं प्यादं एक घर सरकवत आलेला! मी इंजिनियरकडं बघितलं, त्यानं डोळे मिटून घेतलेले. अण्णा इतके खाकरले की आर्बिटरनी त्यांना बाहेर काढलं.

गुरुजींचा हात प्याद्यावर गेला, म्हणजे आता टच मूव्ह, प्यादं हलवायलाच पाहिजे. उचललं. एका घरावर नेलं, पण टेकवलं नाही, हवेतच. समोरच्या पोराचा हातही तयारीत. आणि तिथनं पुढं नेऊन दुसऱ्या घरात ठेवलं आणि घड्याळ दाबलं.

पोरगा बराच वेळ पटाकडं बघत बसला. मग राजा हलवला, मधलं प्यादं पडलं, अजून आठ-दहा चाली झाल्या आणि त्यानं हात पुढं केला. अडीच-दीड. आम्ही १२, ते ११.

नंतर मी विचारलं की हात मधेच का थांबला. गुरुजी म्हणाले, "थांबला कुठं, सवयीनं तिथंच उतरायला लागला हुता, ओढून न्यावा लागला."

कप मिळाला, अडीच फूट उंच, वर पंख असलेली बाई, का कुणास ठाऊक. कोल्हापूरवाल्यांचा मात्र मोठेपणा बघा, त्यांची टेम्पो ट्रॅव्हलर होती, म्हणाले सांगलीला जायलाय तर कोल्हापूरपर्यंत चला आमच्याबरोबर. ज्यांना हरवलं त्यांच्याच गाडीत कप मांडीवर घेऊन बसायला मला जरा कसंतरी झालं, पण तो इंजिनियरिंगचा पोरगा गुरुजींच्या शेजारी बसला आणि कोगनोळी नाका, दूधगंगेचा पूल, कागल, सगळं मागं गेलं तरी ह्यांचं देशी बुद्धिबळच चालू. बुर्जी (समोरच्याचा नुसता राजा उरणं) म्हणजे काय, प्यादेमात कशी देतात. शेवटी त्यानं फोनमध्ये नोट्स काढल्या.

कोल्हापुरात एसटी धरली. इथं ताईचं अर्धं तिकीट, ती म्हणाली महाराष्ट्र महाग आहे. जयसिंगपूर गेल्यावर अंकलीची पाटी दिसली तसे अण्णा झोपेतनं उठले, "आरं, आपण परत चिकोडीकडं कसं आलो?" अंकली तिकडंही आहे, इकडंही आहे. सांगलीत गुरुजींच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी मुक्काम, पिठलं-भाकरी, गरम पाणी!

सोमवार

झेंडावंदन झाल्यावर स्पर्धा, आठ टीम, नॉकआउट. त्याआधी सकाळी लवकर गुरुजींना नूतन बुद्धिबळ मंडळ बघायचं होतं. १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकरांनी हे सुरू केलं, आणि सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात ते ह्या माणसामुळं. एवढ्या सकाळी दार बंदच. गुरुजींनी बाहेरूनच हात जोडले, इंजिनियरनं फोटो काढला, त्यात गुरुजींपेक्षा शेजारची स्कूटर जास्त आली आहे.

पहिली मॅच तासगावशी, ३-१. सेमीफायनलला यजमानांपैकी एक टीम. इंजिनियर हरला, मी हरलो, ताई जिंकली, गुरुजी जिंकले. २-२. मी खूश, म्हटलं आता ब्लिट्झ (झटपट डाव) वगैरे खेळवतील. आर्बिटरनी शांतपणे कागद काढला. नॉकआउटमध्ये २-२ झालं की टायब्रेक म्हणून बोर्डाचं वजन बघतात, पहिल्या बोर्डावरच्या विजयाला ४, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २ आणि चौथ्याला १. त्यांचे ४ अधिक ३ सात. आमचे २ अधिक १ तीन. घरी जा.

नियम सुरुवातीला वाचून दाखवला होता, आमचंच लक्ष नव्हतं, त्यामुळं तक्रार काही नाही. पण काल ज्या बोर्डानं कप आणला त्याची आज किंमत एक! ताई भडकली, "मग चौथ्याला बसवायचंच कशाला, डमी ठेवा की." पहिल्या बोर्डावर तगडे गडी भिडतात म्हणून तिथल्या विजयाला जास्त मान, हे तत्त्व मला कळतं, पण पटत नाही, काल तो पोरगा आणि गुरुजी ज्या प्याद्यावर अडले होते ते बघितल्यावर तर अजिबातच नाही. गुरुजी मात्र भडंग खात बसलेले. म्हणाले, "शाळेत पहिलीचा मास्तर आणि सातवीचा मास्तर, पगार येगळाच असायचा की."

तिसऱ्या क्रमांकाची मॅच अडीच-दीड जिंकलो, ह्यात इंजिनियरनं एकदाचा मस्त डाव काढला, घोडा देऊन राजाचं घर उघडलं आणि अठराव्या चालीला मात. तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. छोटा कप मिळाला, हा मात्र बिनबाईचा.

मिरजेहून रेल्वे. दोन कप, पाच पिशव्या, भडंगाची तीन पाकिटं. शेडबाळ, उगार, मग कृष्णेच्या पुलावर गाडीचा तो धडधड आवाज आणि कुडची. घटप्रभेपर्यंत सगळे झोपले, मी जागा कारण मोठा कप माझ्या मांडीवर आणि त्या बाईचा पंख बरगडीत टोचत होता. बेळगावात उतरून खानापूरची शेवटची बस गाठली. कंडक्टरनं ताईचं शून्याचं तिकीट काढलं आणि मोठ्या कपाकडं बघून म्हणाला ह्याचं लगेज लागतंय. अण्णा वाद घालायला लागले, गुरुजींनी गुपचूप पैसे दिले.

मंगळवार

दुकान उघडलं, मोठा कप झेरॉक्स मशीनवर ठेवला तर दर कॉपीला बाई थरथरायला लागली म्हणून खाली काउंटरवर घेतला. दहाच्या सुमारास गिऱ्हाईक आलं, आधार कार्ड पुढं केलं, कपाकडं बघितलं.

"क्रिकेट काय?"

"न्हाई, बुद्धिबळ."

"अस्सं व्हय. दोन कॉप्या मार, मागचंबी पान पाहिजे."